नव्याच्या नऊ दिवसांनंतर : कल्पक वस्तूंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोजच्या वापरातल्या कल्पक, देखण्या, कधी कधी खुळचट वस्तू हुडकण्याचा मला जुना नाद आहे. ओळखीत कुणाला किटली घ्यायची असली, दिवा घ्यायचा असला की विचारणा माझ्याकडे होते, आणि प्रश्न फिरून फिरून तेच येतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून टाकली. माझी कसोटी एकच आहे आणि ती जुन्या म्हणीतून आलेली आहे. नव्याचे नऊ दिवस सगळ्याच वस्तूंना मिळतात. मला रस आहे तो दहाव्या दिवसात.

कल्पक वस्तू आणि शोभेची वस्तू यांत फरक काय?

शोभेची वस्तू कपाटावर ठेवली की तिचं काम संपलं. कल्पक वस्तू आधी आपलं काम करते आणि करता करता थोडी गंमत देऊन जाते. इटलीतल्या अलेसी कंपनीच्या दोन किटल्या बघा. रिचर्ड सॅपर यांनी १९८३ मध्ये केलेल्या किटलीच्या तोटीवर पितळेची शिट्टी आहे. पाणी उकळलं की ती किंचाळत नाही. दोन नळ्यांतून दोन वेगळे सूर एकदम निघतात आणि लांबवर एखादी बोट भोंगा देतेय असं वाटतं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८५ मध्ये, मायकल ग्रेव्ह्ज या अमेरिकी वास्तुविशारदांनी त्याच कंपनीसाठी केलेल्या किटलीच्या तोटीवर एक छोटा पक्षी बसला. वाफ आली की तो शीळ घालतो.

दोन्हीकडे गंमत कामाच्या पोटातून आली आहे. शिट्टी हवीच होती, नाहीतर पाणी आटून भांडं करपेल. मग ती कर्कशच कशाला असावी? हाच पक्षी न वाजणारा, नुसता डकवलेला असता, तर दहाव्या दिवशी धूळ पुसताना फडक्यात अडकला असता आणि आपण त्याच्यावर वैतागलो असतो.

दिसायला अप्रतिम पण कामाला कच्ची, अशी वस्तू घ्यावी का?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा एकच वस्तू असते. फिलिप स्टार्क यांनी अलेसीसाठी केलेलं, १९९० मध्ये बाजारात आलेलं लिंबू पिळायचं साधन. ॲल्युमिनियमचं, तीन लांब पायांवर उभं, दिसायला थेट माकुळासारखं. अर्धं लिंबू त्याच्या डोक्यावर ठेवून पिळायचं, रस अंगावरच्या खाचांतून ओघळत खालच्या पेल्यात पडतो. बिया अडवायला काही नाही, त्यामुळे त्याही पडतात. दहा वर्षांनी त्याची सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्ती निघाली, तिच्यासोबत लिंबासाठी वापरू नका अशी सूचना होती, कारण लिंबातलं आम्ल मुलामा खातं. लिंबू पिळायचं साधन, ज्याला लिंबू चालत नाही!

तरीही मी त्याला नावं ठेवणार नाही. ते शिल्प आहे आणि शिल्प असल्याचं लपवत नाही. घरात असा एखादा पाहुणा असायला हरकत नाही. मला राग येतो तो वेगळ्या जातीच्या वस्तूंचा. साध्या दिसतात, कामाच्या दिसतात आणि ऐन वेळी दगा देतात. माझ्याकडे एक कप होता. कानाऐवजी सुबक गोल कडी, फोटोत बघत राहावं असा. त्या कडीत माझं एकच बोट मावायचं आणि दुसऱ्या बोटाचं पेर थेट गरम कपाला टेकायचं. तो कप बनवणाऱ्याने त्यातून कधी काही गरम प्यायलं नसावं. आता त्यात पेन्सिली आहेत. तिथे मात्र तो छान दिसतो.

घेण्याआधी कसं ओळखायचं?

फोटोवरून अवघड आहे, हे आधी मान्य करू. बऱ्याच फोटोंत वस्तू एकटी असते, सोबत हात नसतो. त्यामुळे आकाराचा अंदाज चुकतो आणि पकड तर कळतच नाही. हातात धरलेला एक तरी फोटो शोधा. नसेल तर दिलेली मापं घेऊन कागदावर त्या आकाराची चौकट काढा आणि ती वस्तू जिथे राहणार आहे तिथे ठेवून बघा. निम्म्या खरेद्या इथेच रद्द होतात. माझ्या तरी होतात.

समोर असेल तर मी पहिल्यांदा डोळे मिटून ती हातात घेतो. लोक बघतात, बघू देत. बोटं आपोआप योग्य जागी जातात का? वजन कुठे आहे? ओतायची वस्तू भरल्यावर तोल पुढे जाईल का मनगटात राहील? झाकण एका हाताने निघतं का? मग ओल्या हाताने धरल्याची कल्पना करतो, कारण घरात हात ओले असतात, दुकानात नसतात. त्यानंतरचा प्रश्न कुणी विचारत नाही, पण दहावा दिवस त्याच्यावरच ठरतो: ही धुणार कशी? जिथे बोट पोचत नाही तिथे फडकं पोचत नाही, आणि जिथे फडकं पोचत नाही तिथे महिन्याभरात काळी रेघ उमटते. नक्षी, खोबण, दोन भागांच्या सांध्यातली फट, सगळं त्या नजरेनं बघा.

ओतायच्या वस्तूचं चारित्र्य तिच्या तोटीच्या टोकाशी कळतं. ओतून झाल्यावर शेवटचा थेंब परत आत जातो की बाहेरून ओघळत तळापर्यंत येतो? जपानी डिझायनर केंजी एकुआन यांनी किक्कोमान कंपनीसाठी १९६१ मध्ये केलेली सॉसची काचेची बाटली अनेकांनी पाहिली असेल. लाल झाकण, अश्रूच्या थेंबासारखा देह. तिच्या तोटीचं टोक खालच्या बाजूला आतल्या अंगाने तिरकं कापलेलं आहे. त्यामुळे थेंब ओघळत नाही, मागे फिरतो. या बाटलीसाठी तीन वर्षं गेली आणि शंभरेक नमुने झाले. टेबलावर बसलेल्या कुणालाही हे माहीत नसतं. टेबल कोरडं राहतं, बस.

आणि आवाज ऐका. झाकण बंद होताना, खण सरकताना, बटण दाबताना येणारा आवाज तुम्ही हजार वेळा ऐकणार आहात.

वापर कसा करायचा हे सांगावं लागलं, तर डिझाइन फसलं म्हणायचं का?

विमानाच्या बाबतीत नाही. दाराच्या बाबतीत नक्की. ओढायचं की ढकलायचं हे कळत नाही अशा दारांना डिझाइनच्या जगात ‘नॉर्मन दार’ म्हणतात, डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकी अभ्यासकाच्या नावावरून. त्यांचं सांगणं असं की दाराशी अडखळलात तर दोष तुमचा नाही, दाराचा आहे. मूठ दिसली की हात ओढायला जातो, सपाट पट्टी दिसली की ढकलायला. वस्तूने हे हाताला सांगावं, डोक्याला त्रास देऊ नये.

याचं माझं आवडतं उदाहरण जपानी डिझायनर नाओतो फुकासावा यांचं आहे. मुजी या जपानी कंपनीने बाजारात आणलेला त्यांचा भिंतीवरचा सीडी प्लेयर. चौकोनी, पांढरा, मधोमध उघडी तबकडी आणि खाली लोंबणारी एक दोरी. आकार थेट हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याचा. दोरी ओढली की पंख्यासारखी सीडी फिरू लागते आणि वाऱ्याऐवजी गाणं येतं. पंखा चालवायचा हाताचा जुना सराव त्यांनी उसना घेतला आणि माहिती-पुस्तिकेची गरजच संपवली. सीडी गेल्या, तरी मला ती दोरी हवीहवीशी वाटते.

एकात दहा कामं करणाऱ्या वस्तू घ्याव्यात का?

प्रवासात, हो. घरात बहुतेक वेळा नाही. खिशातला स्विस चाकू १८९७ पासून टिकून आहे, कारण तो जिथे लागतो तिथे आपल्याजवळ दुसरं काही नसतं. घरात मात्र चांगली कात्री हाताशी असताना त्याच्यातली इवलीशी कात्री कोण उघडतं?

वयस्कर माणसांसाठी किंवा हाताची पकड कमी असलेल्यांसाठी वेगळ्या वस्तू असतात का?

असतात, पण शक्य असेल तर ‘वेगळ्या’ घेऊ नका. औषधांच्या दुकानातल्यासारखी दिसणारी वस्तू घरात आली की ती वापरणाऱ्याला रोज आपल्या दुखण्याची आठवण करून देते. सॅम फार्बर या निवृत्त उद्योजकाच्या पत्नी बेट्सी यांना संधिवात होता आणि सालं काढायचं धातूचं सोलाणं त्यांना धरवत नव्हतं. त्यातून न्यूयॉर्कच्या स्मार्ट डिझाइन या संस्थेने जाड, मऊ, काळ्या रबरी मुठीचं सोलाणं केलं आणि ऑक्सो या नावाने ते १९९० मध्ये बाजारात आलं. मुठीच्या दोन्ही अंगांना मासोळीच्या कल्ल्यांसारख्या पातळ खाचा आहेत. बोट टेकलं की त्या दबतात आणि वस्तूच सांगते, इथे धर. दुखऱ्या हाताला सोपं जावं म्हणून केलं आणि ते धडधाकट हातांनीही पसंत केलं.

डावखुऱ्यांनी मात्र कात्री वेगळीच घ्यावी. नुसती मूठ सारखी असून भागत नाही. नेहमीच्या कात्रीत वरचं पातं अशा बाजूला असतं की डाव्या हातात धरल्यावर कापायची रेघच झाकली जाते, शिवाय बोटांचा दाब पात्यांना एकमेकांपासून दूर लोटतो. खऱ्या डावखुऱ्या कात्रीत पाती उलटी बसवलेली असतात. ‘दोन्ही हातांसाठी’ असं लिहिलेलं दिसलं तर पाती बघा, छापील अक्षरं नको.

कोणतं साहित्य टिकतं?

स्टेनलेस स्टील, काच, भाजलेली माती, घट्ट लाकूड यांच्याबद्दल नवीन सांगण्यासारखं काही नाही. पितळ, तांबं, चामडं आणि लाकूड ही मंडळी म्हातारी होताना देखणी होतात. डाग पडतात ते आपलेच असतात.

सावध राहायचं ते हाताला मखमलीसारख्या लागणाऱ्या प्लास्टिकपासून. टॉर्च, माऊस, छत्रीची मूठ, केस वाळवायचं यंत्र अशा वस्तूंवर रबरी स्पर्शाचा एक पातळ थर असतो. दुकानात तो फार श्रीमंत वाटतो. यातला बराचसा थर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा असतो. हवेतल्या ओलाव्याने, घामाने त्याच्या रेणूंची साखळी हळूहळू तुटते आणि काही वर्षांनी ती वस्तू गुळाच्या ढेपेसारखी चिकट होते. न वापरता खणात ठेवली तरी होते. वर सांगितलेल्या सोलाण्याची मूठ अशी नाही. ती अख्खी रबरी आहे, वरून फासलेली नाही. फरक ओळखायचा तर कडेला बघा: तिथे आतलं कडक प्लास्टिक डोकावत असेल, तर वरचा नुसता थर आहे.

चांगलं डिझाइन महागच असतं का?

अजिबात नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने, म्हणजे मोमाने, २००४ मध्ये रोजच्या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंचं अख्खं प्रदर्शन भरवलं होतं. पाओला अँटोनेली यांनी मांडलेलं. तुमच्या टेबलावर पडलेल्या अर्ध्या वस्तू त्याच तोलाच्या आहेत.

बिकचं पारदर्शक बॉलपेन घ्या, १९५० चं. अंग षट्कोनी, म्हणून ते उतरत्या टेबलावरून गडगडत नाही. काचेसारखं पारदर्शक, म्हणून शाई किती उरली ते दिसतं. अंगावर एक बारीक भोक आहे, ते आत-बाहेर हवेचा दाब सारखा ठेवतं. टोपणाच्या टोकालाही भोक आहे, पण त्याचं कारण वेगळं: टोपण चुकून लहान मुलाच्या घशात गेलं तरी श्वासाला वाट राहावी. वीस जणांना विचारा, एखाद्यालाच ठाऊक असेल.

किंवा तुकड्या-तुकड्याने मोडता येणारं पातं असलेला कटर. १९५६ मध्ये जपानमधले योशिओ ओकादा यांना बोथट झालेलं पातं फेकून द्यावं लागू नये असं काही हवं होतं. काच फोडून तिच्या धारेने चामडं कापणारे कारागीर त्यांना आठवले आणि चॉकलेटची वडी कशी ठरलेल्या रेघेवर मोडते तेही. दोन्ही एकत्र आलं, पात्यावर तिरक्या रेघा पडल्या. टोक बोथट झालं की एक तुकडा मोडायचा, खाली नवी धार तयार. त्यांच्या कंपनीचं नाव ओल्फा, जपानीत ‘ओरु’ म्हणजे मोडणं आणि ‘हा’ म्हणजे पातं.

फिस्कार्स कंपनीच्या कात्रीचा नारिंगी रंग तर चक्क अपघात आहे. १९६७ मध्ये फिनलंडच्या कारखान्यात प्लास्टिकच्या मुठीचा पहिला नमुना ओतताना यंत्रात आधीच्या वस्तूचं नारिंगी प्लास्टिक उरलं होतं. काळी की नारिंगी यावर कंपनीत मतदान झालं आणि नारिंगी जिंकली. पसाऱ्यात कात्री पटकन सापडते याचं श्रेय असं उरल्यासुरल्या प्लास्टिकला जातं.

मोबाइलवरून चालणाऱ्या ‘हुशार’ वस्तूंबद्दल काय मत?

दिवा वीस वर्षं टिकतो, त्याचं ॲप तेवढं टिकत नाही. एवढंच मत.

बिनॲपची हुशारी बघायची असेल तर अँगलपॉइज हा टेबलावरचा दिवा बघा. जॉर्ज कारवर्डाइन हे मोटारींच्या सस्पेन्शनवर, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगांच्या रचनेवर, काम केलेले इंग्रज अभियंता. स्प्रिंगांचा ताण आणि दांड्यांचं वजन यांचा तोल त्यांनी १९३२ मध्ये असा जमवला की दिवा बोटाने ढकलावा आणि सोडावा, तो तिथेच थांबतो. कुठेही स्क्रू आवळावा लागत नाही.

आणि स्विस रेल्वेचं घड्याळ. हान्स हिल्फिकर यांनी १९४४ मध्ये ते केलं आणि १९५३ मध्ये त्याला लाल सेकंदकाटा दिला, गाडी सोडताना दाखवायच्या तबकडीच्या आकाराचा. हा काटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी संपवतो आणि बारावर येऊन थबकतो. मुख्य घड्याळाकडून इशारा आला की मिनिटकाटा टुणकन पुढे जातो आणि लाल काटा पुन्हा चालू लागतो. सगळ्या स्थानकांची घड्याळं एका मिनिटावर राहावीत यासाठी केलेली ही तडजोड, पण बघणाऱ्याला वाटतं घड्याळाने श्वास घेतला.

मुद्दाम निरुपयोगी वस्तू बनवणारे लोक असतात म्हणे. कशासाठी?

असतात, आणि मला ते फार प्रिय आहेत. जपानमध्ये याला चिंदोगु म्हणतात, केंजी कावाकामी यांनी रूढ केलेला प्रकार. नियम कडक आहेत: वस्तू खरोखर बनवलेली असली पाहिजे, तिने एखादी अडचण खरंच सोडवली पाहिजे, पण ती वापरायची लाज वाटली पाहिजे, आणि ती विकायची नाही, तिचं पेटंट घ्यायचं नाही. मांजरीच्या पायांत घालायचे फडक्याचे बूट, म्हणजे ती फिरेल तशी फरशी पुसली जाईल. गमतीचा भाग असा की १९९५ च्या अशाच एका संग्रहात स्वतःचा फोटो काढायची काठीही होती. तेव्हा लोक हसले. पुढचं सर्वांना माहीत आहे.

ग्रीसच्या वास्तुविशारद कातेरिना कांप्रानी याच्या उलट करतात: ओळखीच्या वस्तूत एकच बदल करून ती वापरायला अशक्य करून टाकतात. झारीची तोटी वाकून परत झारीकडेच वळलेली, काट्याचा दांडा साखळीचा. ती झारी बघितली की पहिल्यांदा जाणवतं, आपली झारी किती शहाणी आहे.

मोडली तर?

घेतानाच स्क्रू शोधा. स्क्रू दिसला तर वस्तू उघडता येते, चिकटवलेली असेल तर बहुधा तोडावीच लागते. थोनेट कंपनीची १८५९ ची चौदा क्रमांकाची खुर्ची म्हणजे वाफेने वाकवलेल्या लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटी करून एक घनमीटरच्या खोक्यात अशा छत्तीस खुर्च्या पाठवत असत. एखादा पाय गेला तर तेवढा बदलायचा.

स्वतःला जमत नसेल तर जवळपास ‘रिपेअर कॅफे’ भरतो का बघा. मार्टिन पोस्टमा या डच पत्रकार बाईंनी २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये पहिला भरवला. मोडकी वस्तू न्यायची आणि जाणत्या माणसाशेजारी बसून आपणच दुरुस्त करायची.

भेट म्हणून काय द्यावं?

झिजणारी, संपणारी किंवा सहज दुसऱ्याला देता येईल अशी वस्तू. ज्या वस्तूला भिंत लागते, जागा लागते किंवा नवी सवय लागते ती भेट देऊ नये. समोरच्याला नाही म्हणता येत नाही आणि मग तुम्ही घरी येणार असं कळलं की ती माळ्यावरून खाली काढली जाते. (माझ्या दोन भेटींचं असं झालंय. मला कळलं, पण मी काही बोललो नाही.)

तुमची स्वतःची सगळ्यात आवडती वस्तू कोणती?

इटलीचे डिझायनर आकिले कास्तिलिओनी आणि त्यांचे भाऊ पिएर जाकोमो यांनी १९६८ च्या सुमारास केलेलं, दिव्याच्या वायरवर मध्येच असतं ते बटण. ट्रॅक्टरची बैठक उचलून त्यांनी केलेलं स्टूल संग्रहालयांत आहे, दिव्यांची नावं घेतली जातात. पण आकिले यांना अभिमान होता तो या बटणाचा, कारण लोक ते विजेच्या सामानाच्या साध्या दुकानातून घेतात आणि कुणी केलं हे त्यांच्या गावीही नसतं. खालची बाजू सपाट आहे, त्यामुळे ते जमिनीवर लोळत नाही. वरच्या कडा गोल आहेत, म्हणून अंधारात हात फिरवला की वायरवरून घसरत अंगठा बरोबर खटक्यावर येतो. दाबलं की हलकासा ‘टक्’ आवाज येतो आणि मी झोपतो.